फुलांच्या बॉक्समध्ये बुरशी येते कुठून? ब्लूटूथ सेन्सर आणि दवबिंदूचं सोपं गणित

घरी पॉलीहाऊस असेल तर हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. संध्याकाळी गुलाब स्वच्छ दिसतो, रात्री गाडीत चढतो आणि बाजारात बॉक्स उघडला की पाकळ्यांवर तपकिरी ठिपके. मग पूर्ण बॉक्सचा भाव पडतो. मावळातून परदेशी जाणारा गुलाब असो की माजलगावहून पुण्याला जाणारा, शत्रू एकच: बोट्रायटिस, म्हणजे राखाडी बुरशी.

बुरशी आधीच आलेली असते

हिचे बीजाणू हवेतून पाकळीवर बसतात. तिथे काही तास ओलावा मिळाला की ते रुजतात, पण डाग लगेच दिसत नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये ही बुरशी मरत नाही, फक्त मंदावते. म्हणून खरं काम काढणीच्या आधीचं आहे. (भुरीचं वेगळं असतं, तिला पानावर पाणी लागत नाही.)

दवबिंदू म्हणजे काय?

ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो दवबिंदू. आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर असेल तर अंदाजे सूत्र असं:

दवबिंदू = तापमान − (100 − आर्द्रता) ÷ 5

समजा पहाटे 20 अंश आणि 90 टक्के आर्द्रता आहे. दवबिंदू आला 18. म्हणजे पाकळी फक्त 2 अंशांनी गार झाली की ओली! मोकळ्या आभाळाखाली रात्री पानं हवेपेक्षा गार होतातच.

फोनवर कसं पाहायचं?

1. ब्लूटूथवाला तापमान-आर्द्रता सेन्सर घ्या. तो फुलांच्या उंचीवर, सावलीत टांगा.
2. ॲपमध्ये आर्द्रतेचा अलर्ट 85 टक्क्यांवर ठेवा. ब्लूटूथची रेंज कमी असते, त्यामुळे घरबसल्या अलर्ट हवा असेल तर वायफाय गेटवे लागेल.
3. सकाळी रात्रभराचा ग्राफ बघा. तापमान आणि दवबिंदू किती तास जवळजवळ होते, ते महत्त्वाचं.

ग्राफ वाईट दिसला तर ठिबक संध्याकाळऐवजी सकाळी चालवा. सूर्य मावळल्यावर पडदे थोडा वेळ उघडे ठेवून दमट हवा बाहेर जाऊ द्या. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते, तेव्हा आतला पंखा जास्त कामाचा. वाळलेली फुलं रोज बाहेर काढा, बीजाणू तिथेच वाढतात.

पाठवण्याआधीची डबा टेस्ट

मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच, कारण खर्च जवळपास शून्य. पाठवायच्या दोन-तीन दिवस आधी 10 फुलं झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवा, डबा खोलीत सावलीत. रोज एकाच जागेवरून फोटो काढा. राखाडी लव दिसली, तर त्या बेडचा माल लांब पाठवू नका. गूगल लेन्सचं उत्तर फक्त अंदाज समजा, खात्रीसाठी आणि फवारणीच्या सल्ल्यासाठी खामगावचं (ता. गेवराई) कृषी विज्ञान केंद्र आहे.

पॅकिंग करताना

4 अंशांवरचं फूल 28 अंशांच्या हवेत आणलं की थंड बाटलीसारखा त्याला घाम फुटतो. म्हणून पॅकिंग गार खोलीतच करा आणि ओलं फूल बॉक्समध्ये घालूच नका. सेन्सर छोटा असेल तर एक बॉक्सातही ठेवून बघा, प्रवासात नेमकं कुठे बिघडतं ते कळेल.