‘नुसत्या चहा पितात’

‘के-ऑन!’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवरचा आक्षेप एका दमात सांगून होतो. शाळा सुटते, पोरी वरच्या मजल्यावरच्या संगीताच्या खोलीत जमतात, नाजूक कपबशांतून चहा पितात, केक खातात, आणि आठवण झालीच तर एखादं गाणं वाजवतात. असं करत वर्ष सरतं. कुणी मोठी स्पर्धा जिंकत नाही, कुणी बँड सोडून जात नाही, कुणाचा बाप गिटार फोडत नाही. मैत्री म्हणावी तर ती कधी कसाला लागत नाही. वाढ म्हणावी तर शेवटच्या भागातली नायिका युइ पहिल्या भागातल्या युइइतकीच वेंधळी.

अ‍ॅनिमे बघणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच मत आहे. मीही पाचव्या भागाला हेच पुटपुटत उठून गेलो होतो, त्यामुळे पूर्वपक्ष मांडताना मला कुणाची उसनवारी करावी लागत नाही. चाहत्यांचा बचाव तर आक्षेपाहून वाईट. ते म्हणतात, दिवसभर राबून आल्यावर डोक्याला ताप नको असतो, म्हणून बघतो. वकिलानंच आरोप कबूल करून दयेची याचना करावी, तसला हा प्रकार.

थोडी माहिती आधी. काकिफ्लाय या टोपणनावानं काढणाऱ्या चित्रकाराची चार-चार चौकटींची ही विनोदी मालिका 2007 मध्ये ‘मांगा टाइम किरारा’ या मासिकात सुरू झाली. क्योतो अ‍ॅनिमेशननं 2009 मध्ये तिचं पहिलं सत्र पडद्यावर आणलं, 2010 मध्ये दुसरं, आणि 3 डिसेंबर 2011 ला चित्रपट. दिग्दर्शिका नाओको यामादा. जन्म 1984 चा, म्हणजे कामाला लागली तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर, आणि मालिका दिग्दर्शित करायची ही पहिलीच वेळ. कथेची एकूण बांधणी रेइको योशिदाची. पुढे या दोघींनीच ‘अ सायलेंट व्हॉइस’ केला. त्या चित्रपटाला कुणी ‘नुसता गोड’ म्हणत नाही.

असल्या मालिकांसाठी जपानीत दोन शब्द रुळले आहेत. ‘निचिजो-केइ’ म्हणजे रोजच्या जगण्याच्या गोष्टी, आणि जरा खवचट असा ‘कुकी-केइ’, म्हणजे हवेच्या गोष्टी. हातात काही लागत नाही, नुसतं वातावरण. या आक्षेपाला तात्त्विक टेकू मिळतो तो हिरोकी आझुमा यांच्या 2001 च्या पुस्तकातून. त्यांचं म्हणणं असं, की असल्या मालिकांचा प्रेक्षक आता कथा घेत नाही, सुटे घटक घेतो: मांजराचे कान, केसांचा रंग, लाजण्याची तऱ्हा. घटकांचं एक मोठं कोठार असतं आणि त्यातून पात्रं जुळवली जातात. ‘के-ऑन!’च्या आधीचं हे पुस्तक, पण तिला चपखल बसतं असं वाटण्याजोगं. लाजाळू मिओ, धटिंगण रित्सु, श्रीमंत मुगी, धांदरट युइ, आणि मागाहून येणारी आझुसा, जिच्या डोक्यावर खरोखरच मांजराचे कान चढवले जातात.

मूळ मांगाबद्दल हे बऱ्याच अंशी मान्य करायला माझी हरकत नाही. चार चौकटींचा धर्मच तो: चौथ्या चौकटीला हशा, पुढच्या पट्टीला पुन्हा पाटी कोरी. पण पडद्यावरच्या ‘के-ऑन!’ला हा हेतू लावला की तो न्यायशास्त्राच्या भाषेत असिद्ध ठरतो. का, ते मालिकेच्या कॅलेंडरवरून दिसतं.

युइ, मिओ, रित्सु आणि मुगी यांचं हायस्कूलचं पहिलं वर्ष सात भागांत आटोपतं. आठव्या भागात दुसरं वर्ष लागतं आणि बाराव्या भागापर्यंत त्या वर्षाचा शाळेचा महोत्सवही होऊन जातो. जवळजवळ दोन वर्षं बारा भागांत. दुसऱ्या सत्राचे मुख्य भाग चोवीस, आणि त्यांत वर्ष फक्त एक, शेवटचं. मग चित्रपट: सुमारे पावणेदोन तासांचा, आणि त्यात शाळा संपण्याआधीचे थोडेसे दिवस, लंडनच्या सहलीसकट. निरोप जवळ येतो तसतशी गोष्ट पाय ओढायला लागते. ज्या गोष्टीत काळच नाही, तिला हे करायची गरज काय? काळ थांबवलेल्या मालिका जपानमध्ये ढिगानं आहेत. ‘साझाए-सान’ 1969 पासून चालू आहे आणि त्यातला कात्सुओ अजून पाचवीत आहे. आपल्या घराघरांतला नोबिताही काही वरच्या वर्गात गेलेला नाही. मामोरू ओशीनं 1984 च्या ‘ब्यूटिफुल ड्रीमर’मध्ये तर शाळेच्या महोत्सवाचा आदला दिवसच पुन्हा पुन्हा उगवायला लावला. ‘के-ऑन!’मध्ये महोत्सव येतो, होतो आणि संपतो. तिसऱ्या वर्षाचा महोत्सव संपल्यावर या पाचजणी खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसतात आणि पुढचे बेत आखू लागतात: नाताळात वाजवू, नवीन वर्षात वाजवू, पुढच्या महोत्सवात तर... आणि तिथं लक्षात येतं, की पुढचा महोत्सव आपला नाही. मग जे रडणं सुरू होतं ते ‘हवेच्या गोष्टी’त बसवून दाखवावं.

आता आझुसाकडे येऊ, कारण माझ्या मते आक्षेपकांनी तिला नीट पाहिलेलंच नाही. ती एक वर्षानं लहान. आईवडील जॅझ वाजवणारे, हात लहानपणापासून तयार. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या कार्यक्रमात या चौघींना ऐकून ती भारावते आणि त्यांच्या संगीत क्लबात येते. येऊन बघते तर काय, चहा! ती चिडते. तालीम करा म्हणते. गिटारच्या साध्या संज्ञाही युइला येत नाहीत हे पाहून हादरते. म्हणजे आक्षेपकाचं सगळं म्हणणं ही पोर मालिकेच्या पोटात शिरून, पहिल्या सत्रातच, आक्षेपकापेक्षा नेमकेपणानं मांडते. पूर्वपक्ष ग्रंथातच आहे. आणि त्याचं उत्तर कुणी तिला भाषणातून देत नाही. ती इतर बँड ऐकत हिंडते. त्यांतले कितीतरी या चौघींहून सरस वाजवतात आणि तरी तिला काही होत नाही. मग या वेंधळ्यांचं वाजवणं ऐकून आपल्याला काय झालं होतं, हेच कळेना म्हणून ती रडवेली होऊन परत येते. चौघी तेव्हा फक्त वाजवून दाखवतात. मिओ इतकंच सांगते, की मला यांच्याबरोबर वाजवायला आवडतं.

इथं आपला मराठी कान अडतो, आणि का अडतो ते उघड आहे. कलेतली वाढ म्हटलं की आपल्यापुढे रियाज येतो, पहाटेचा, एकट्याचा, तंबोऱ्याशी. नाहीतर ‘कट्यार काळजात घुसली’मधली जुगलबंदी, जिथं एकाचं चढणं म्हणजे दुसऱ्याचं उतरणं. संघर्ष नाही म्हणजे वाढ नाही, अशी व्याप्ती आपण धरून चालतो. पण ती सगळीकडे लागू नाही, हे आपल्याच अनुभवाला धरून आहे. ज्यानं कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका केली आहे त्याला विचारा, तालमीचे किती तास तालीम होती आणि किती तास टपरीवर गेले. आणि प्रयोगात समोरचा वाक्य विसरला तेव्हा सावरून घेण्याचं बळ कुठल्या तासांतून आलं, तेही विचारा.

‘के-ऑन!’नंतर तेरा वर्षांनी आलेली ‘बोच्ची द रॉक!’ हेच उलट बाजूनं सिद्ध करते. तिची नायिका हितोरी गोतो तीन वर्षं घरातल्या भिंतीतल्या कपाटात बसून, दिवसाला सहा-सहा तास गिटार घोटते. रियाजवाल्यांनी पाठ थोपटावी असं तिचं वाजवणं. आणि पहिल्यांदा इतरांबरोबर वाजवायची वेळ येते तेव्हा पिकलेल्या आंब्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरून वाजवते, तेही सगळ्यांच्या पुढे धावत. हात तयार, पण दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही. ती सवय युइला चहाच्या टेबलावर लागलेली असते.

मग युइ वाढते कुठे? एक प्रसंग जवळून बघू. पहिल्या सत्राचा बारावा भाग. तापातून उठलेली युइ महोत्सवाच्या दिवशी शाळेत येते आणि गिटार घरीच राहिलेली. इथपर्यंत नेहमीची युइ. ती गिटार आणायला पळते. गिटार पाठीवर टाकून शाळेकडे परत धावताना रस्ता तोच लागतो, ज्यावरून ती पहिल्या भागात, पहिल्या दिवशी, उशीर झाला समजून धावली होती. तेव्हा तिला काहीतरी करायचं होतं, पण काय ते कळत नव्हतं. मैत्रीण नोदोकानं तर सुनावलंच होतं, की असंच चाललं तर रिकामटेकडी होशील. आता धावता धावता युइ मनातल्या मनात त्या जुन्या युइशी बोलते: काळजी करू नकोस, तुला लवकरच काहीतरी सापडणार आहे. वेंधळेपणा तसूभर कमी झालेला नाही. पण मागे वळून स्वतःला पाहणारं कुणीतरी तिच्यात तयार झालं आहे. पाठ्यपुस्तकी ‘व्यक्तिमत्त्व विकासा’त वेंधळेपणा गेला असता आणि हे आलं नसतं.

दुसरा प्रसंग तिच्या धाकट्या बहिणीचा. आईवडील सतत प्रवासात. घरचा स्वयंपाक, झाडलोट, थोरलीला उठवणं, सगळं उइ करते. कितीतरी भाग हा नुसता विनोद म्हणून चालतो आणि आपणही हसतो. मग उइ सर्दीनं अंथरुणाला खिळते, घराचं गाडं अडतं, आणि युइच्या पहिल्यांदा ध्यानात येतं की आपल्या आयुष्यात रोज कुणीतरी काहीतरी करत होतं. ती बहिणीसाठी गाणं लिहिते. तेच गाणं शेवटच्या महोत्सवात वाजतं. मालिकेतली वाढ मोजायची तर गाणं कुणासाठी लिहिलं जातं ते बघावं. सुरुवातीची मिओची गाणी हुरहुरीची, ज्याच्या त्याच्या मनातली. मग एक बहिणीसाठी. आणि शेवटचं आझुसासाठी, मागे राहणाऱ्या एकटीसाठी. चित्रपटात लंडनच्या गल्ल्यांतून हिंडताना या चौघींच्या डोक्यात घोळत असतं ते हेच गाणं, आणि आझुसाला सुगावा लागू नये म्हणून त्यांची जी तारांबळ उडते तीच चित्रपटाची खरी गोष्ट. लंडन नुसतं निमित्ताला.

आक्षेपकाचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे, आणि ते चहाबद्दल नाही, पैशाबद्दल आहे. युइला आवडलेल्या गिब्सन लेस पॉलची किंमत अडीच लाख येन. चौघी तिच्यासाठी रस्त्याकडेला बसून गाड्या मोजण्याचं काम करतात. छान चाललेलं असतं. आणि मग कळतं की दुकान मुगीच्या वडिलांच्या कंपनीचं आहे, मुगी घासाघीस करते आणि गिटार पन्नास हजारांत येते. हशा मिळतो, पण मैत्रीतून काहीतरी निसटतं. जिला गिटार परवडतच नाही अशी मुलगी या खोलीत कधी येतच नाही. 2024 च्या ‘गर्ल्स बँड क्राय’मध्ये शाळा सोडून कावासाकीला आलेली निना सगळ्या जगाशी कडाकडा भांडते, तेव्हा ‘के-ऑन!’च्या खोलीला किती जाड पडदे होते ते कळतं. पण पडदे जाड होते याचा अर्थ आत कुणी मोठं होत नव्हतं, असा होत नाही.

त्या खोलीचा जिना ओळखीचा करून घ्यावा. मालिकेतली शाळा शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावच्या जुन्या प्राथमिक शाळेवरून घेतली आहे. अमेरिकेतून येऊन जपानी झालेले वास्तुविशारद व्होरिस यांनी ती बांधली, 1937 मध्ये. ती पाडायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांनी मोठा विरोध केला आणि इमारत वाचली. तिच्या जिन्याच्या कठड्यावर धातूचे ससा आणि कासव आहेत. खालून वर चढत जा, की आपली लहानपणची गोष्ट पायरीपायरीनं घडत जाते: ससा पुढे जातो, झोपतो, कासव वर पोचतं. यामादानं हे कासव मालिकेत उचललं आहे, पोरी जाता-येता त्याच्यावरून हात फिरवतात. मला यातली गंमत वेगळीच वाटते. या जिन्यावरून रोज वर जाणाऱ्या पाचजणींना शर्यत ठाऊकच नाही. आणि कठड्याला हात लावायचा तर पाय हळू टाकावे लागतात. यामादाला पात्रांचे पाय दाखवायची फार हौस आहे. चेहरा न दाखवता नुसत्या पावलांवरून, कुणाचं मन कुठे अडकलंय, ते ती सांगते. आझुमा यांच्या कोठारात पावलांचं चालणं कुठल्या खणात ठेवायचं, कुणास ठाऊक.

आणि आता पहिला भाग. क्लबात माणसं कमी, म्हणून तिघी युइला अडवून ठेवतात आणि मन वळवण्यासाठी एक गाणं वाजवून दाखवतात. युइ मन लावून ऐकते आणि सांगून टाकते, की तुम्हाला फारसं चांगलं वाजवता येत नाही. तिघींचे चेहरे पडतात. मग ती म्हणते, पण मजा वाटली, आणि क्लबात नाव घालते.

दुसऱ्या सत्राचा चोविसावा भाग. पदवीदान झालं आहे. आझुसानं दिवसभर धीर धरला होता, तो सुटला आहे. चौघी तिच्यासमोर बसून तिच्यासाठी लिहिलेलं गाणं वाजवतात. गाणं संपतं. आझुसा डोळे पुसते आणि तिघींना युइनं सांगितलं होतं तेच त्या चौघींना सांगते, की तुम्हाला फारसं चांगलं वाजवता येत नाही. तीन वर्षं उलटली, छत्तीस भाग झाले, आणि निकाल तोच. फक्त या वेळी तो देणारी, त्या खोलीत सगळ्यांत चांगलं वाजवणारी, आल्या दिवशी चहावरून चिडलेली पोर आहे, आणि पुढच्याच श्वासाला ती म्हणते, आणखी वाजवा.