चाकोरी आणि शर्यत
(मासवण येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर लिहिला आहे, ‘गोल रिंगणातली मोटारशर्यत आणि आपण’. तो वाचून काहींनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, सर, तत्त्वज्ञान सोडून हे काय काढलंत? त्यांना म्हटलं, थोडा धीर धरा. विषय मोटारीचा असला तरी तो बैलगाडीवर बसूनच आमच्याकडे आला आहे.

आधी एक शब्द घेऊ. ‘चाकोरी’. चाकोरीबद्ध जगणं, चाकोरीबाहेरचा विचार असं आपण सर्रास बोलतो. पण चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी रस्त्यावर पाडलेली खोल रेघ. आमच्या लहानपणी मासवणहून पालघर स्टेशनाकडे गवताच्या गाड्या जायच्या, तेव्हा त्या वाटेला अशा दोन चाकोऱ्या होत्या. पावसाळा सरला की त्या वाळून दगडासारख्या कडक व्हायच्या. एकदा चाक त्यात बसलं की गाडीवानाने झोप काढली तरी चालत असे. बैलांना घर ठाऊक असायचं.

ह्या चाकोरीवर जास्तीत जास्त वेगाने पुन्हापुन्हा फिरायचं आणि कुठेही पोहोचायचं नाही, हे काही लोकांनी खेळ म्हणून का स्वीकारलं असेल? आजचा प्रश्न तो आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथली वाळू भिजली की इतकी घट्ट होते की तिच्यावर मोटार धावते. आपल्याकडे अलिबागच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या अशाच ओल्या, दाबून बसलेल्या पुळणीवर. ओहोटीची वेळ बघूनच सगळं ठरवायचं. डेटोनाचंही तेच. ८ मार्च १९३६ रोजी तिथे साध्या, दुकानात मिळतात तशा मोटारींची शर्यत झाली. एक बाजू पुळण, दुसरी बाजू शेजारचा डांबरी रस्ता आणि दोन्ही टोकांना वाळूतली वळणं, असा तो लंबगोल होता. झालं काय, तर वळणांवर खोल चाकोऱ्या पडल्या, गाड्या रुतून बसल्या आणि ठरलेलं अंतर पुरं होण्याआधीच शर्यत थांबवावी लागली. नगरपालिकेला तोटा आला. वाळूच्या टेकड्यांमागून पुष्कळ लोक फुकटच आत शिरले होते.

त्या शर्यतीत पाचवा आलेला बिल फ्रान्स नावाचा माणूस मोटार दुरुस्तीचा धंदा करणारा. त्याने ह्या फजितीतून दोन गोष्टी हेरल्या. लोकांना अशी शर्यत हवी आहे, ही एक. आणि तिला कुंपण हवं, तिकीट हवं, नियम हवेत, ही दुसरी.

लंबगोलाचं रहस्य इथे आहे. आपली शर्यत बघा. खेड, जुन्नर, आंबेगावकडे घाट असतो, तो सरळ. विदर्भात शंकरपट, तोही सरळ. बारी सुटते, निवेदकाची ‘भिर्रर्र’ अशी आरोळी येते आणि अकरा-बारा सेकंदांत सगळं संपतं. घाटात तुम्ही जिथे उभे असाल तिथून तेवढाच तुकडा दिसतो. जत्रेला ते चालतं, कारण जत्रेला आपण देवासाठी आलेलो असतो, पाहुण्यारावळ्यांसाठी आलेलो असतो. पण ज्याने पैसे मोजून तिकीट घेतलं त्याला अख्खी शर्यत दिसायला हवी. म्हणून रेषा वाकवली आणि तिची टोकं जोडली. प्राचीन रोममध्ये रथांच्या शर्यतीसाठी नेमकं हेच केलं होतं. सर्कस मॅक्सिमसमध्ये रथ सात फेऱ्या मारत आणि लाखावर लोक एका जागी बसून बघत. रिंगण आखलं जातं ते बघणाऱ्यासाठी.

आता १९४९ सालाकडे येऊ. बिल फ्रान्स आणि मंडळींनी डिसेंबर १९४७ मध्ये बैठक घेतली आणि १९४८ मध्ये ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापली. १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी मातीच्या लंबगोल धावपट्टीवर त्यांची पहिली ‘काटेकोर स्टॉक’ शर्यत झाली. स्टॉक म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, विकत आणली तशी गाडी. काही फेरफार करायचा नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या दारात जी उभी असते, तीच रिंगणात. जिम रोपर नावाचा गडी दूरच्या कॅन्सस राज्यातून लिंकन गाडी घेऊन उतरला होता. सारा ख्रिश्चन नावाची एक बाईही त्या पहिल्याच शर्यतीत धावली.

पहिला आला ग्लेन डनावे. मग तपासणी झाली आणि त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांत बदल केलेला सापडला. विजय रद्द झाला आणि रोपरला पहिला ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला, कोर्टाने दावा फेटाळला.

त्या स्प्रिंगा बदलल्या कशासाठी होत्या? शर्यतीसाठी नव्हेच. ती गाडी चोरटी दारू वाहायची. मागे दारूचा भार भरला की साधी गाडी मागून बसते आणि पोलिसांच्या नजरेत येते. म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या. तिथल्या डोंगराळ भागातले शेतकरी मक्याची दारू गाळत, कर चुकवत, आणि त्यांची पोरं रात्री दिवे न लावता वळणावळणाच्या रस्त्याने ती शहरात पोहोचवत. पुढे फार मोठा नावाजलेला शर्यतपटू ज्युनिअर जॉन्सन १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीपाशी पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात राहिला. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

आता हसू नका, पण त्याच १९४९ च्या जून महिन्यात आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. ह्या पट्ट्यातल्या आदिवासी घरांत मोहाची दारू पूर्वापार गाळली जायची, देवाला दाखवली जायची. तीही कायद्याने गुन्हाच होती. म्हणजे दोन खंडांत एकाच वेळी गरिबाच्या भट्टीमागे सरकार लागलेलं होतं. तिकडे त्यातून खेळ उभा राहिला, आपल्याकडे उभे राहिले ते खटले. फरकाचं कारण सोपं आहे. आपल्या माणसाकडे पळून जायला मोटार नव्हती.

असो. मुद्दा असा की हा खेळ लोकांना आपला वाटला, कारण गाडी आपली होती, चालवणारा आपल्यातला होता. मोटार कंपन्यांनाही ते कळलं. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ अशा अर्थाची म्हणच तिकडे पडली.

१९५९ मध्ये बिल फ्रान्सने डेटोनाला अडीच मैलांची पक्की धावपट्टी बांधली. वळणांवर तिला ३१ अंशांचा उतार दिला. जत्रेत आपण ‘मौत का कुआँ’ बघतो, तिथे मारुती गाडी लाकडी भिंतीवर आडवी फिरते. तत्त्व तेच. वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते आणि कललेली जमीन तिला आत ढकलते. २२ फेब्रुवारीला पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली, म्हणजे दोनशे फेऱ्या. शेवट इतका अटीतटीचा की छायाचित्रं आणि फिल्म बघून तीन दिवसांनी ली पेटी विजेता ठरला.

ह्या यशातच त्या खेळाचा मूळ शब्द मेला. वेग वाढला, साधी गाडी त्या वेगाला टिकेना. चौकट मजबूत केली, मग खास बनवली, मग सगळंच खास झालं. आज ह्या शर्यतीच्या गाडीला उघडणारं दार नसतं, चालक खिडकीतून आत शिरतो. पुढच्या दिव्यांच्या जागी वर्षानुवर्षं दिव्यांची नुसती चित्रं चिकटवलेली असत. नाव मात्र अजून स्टॉक कारच!

आपण हसतो. पण आपल्या बैलाचं काय झालं? शर्यतीचा बैल मुळात शेतातला बैल होता. सुगी झाली, यात्रा आली, नांगराची जोडी घाटात उतरली. तो आपला ‘स्टॉक’. आज शर्यतीचा खिल्लार लाखांनी विकला जातो, त्याच्या मानेला नांगर लागत नाही. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड भागातल्या शर्यतीत बक्षिसं होती जेसीबी आणि ट्रॅक्टर. ज्या यंत्राने बैलाला शेतातून हाकललं, तेच यंत्र बैलाने पळून मालकाला जिंकून द्यायचं! ह्याला काय म्हणावं, ते तुम्हीच सांगा.

तरी साम्य इथे संपतं. मोटारीला दुखत नाही, बैलाला दुखतं. जनावराला विचार करता येतो का, हा प्रश्न नव्हे, त्याला वेदना होते का, हा प्रश्न आहे, असं बेंथमने अठराव्या शतकातच सुचवलं होतं. आणि दुसरं असं की मोटार चालवणारा स्वतः होऊन आत बसतो, बैल स्वतः होऊन जुवाखाली मान देत नाही.

आपल्या न्यायालयांचा प्रवास ह्याच दोन टोकांमधला आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैल हौसेने पळत नाही, भीतीने आणि वेदनेने पळतो, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. चाबूक नको, काठी नको, विजेचा धक्का नको, डॉक्टरची तपासणी हवी, हे सगळं आता नियमांत आहे.

इथे आम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. स्टेशनावर गवत उतरवून दोन रिकाम्या गाड्या परत येत होत्या. एक आमच्या काकांची, तिच्यात आम्ही. दुसरा गाडीवान पुढे जायला लागला. काका म्हातारे नव्हते, पण शहाणे होते. ते म्हणाले, जाऊ दे त्याला. आम्ही ओरडलो, “काका, पळवा ना!” दोनदा, तीनदा ओरडलो. शेवटी त्यांनी पराणी उचलली. वळणावर चाक चाकोरीतून उसळलं आणि डावीकडचा ढवळ्या गुडघ्यावर आला. तो उठला, घरी आला, पण पुढे ओझ्याच्या गाडीला कधी जुंपता आला नाही. काका आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. घरी त्यांनी सांगितलं, “माझ्या हातून झालं.”

पराणी काकांच्या हातात होती, हे खरं. पण ती उचलायला लावणारा आवाज कोणाचा होता?

अमेरिकेतल्या रिंगणाला हा प्रश्न फार उशिरा पडला. पहिल्या विजेत्या ली पेटीचा मुलगा शर्यतपटू, नातू शर्यतपटू, पणतू अ‍ॅडमही शर्यतपटू. एप्रिल २००० मध्ये ली वारला. मे महिन्यात एकोणीस वर्षांचा अ‍ॅडम सरावात भिंतीवर आदळून गेला. त्याच वर्षी आणखी दोघे गेले. तरी फारसं हललं नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. तो सगळ्यांचा लाडका. तेव्हा मग डोकं-मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंतींना धक्का पिऊन घेणारं अस्तर लागलं. त्यानंतर इतकी वर्षं त्यांच्या मुख्य मालिकेत शर्यतीत कोणी दगावलेलं नाही. म्हणजे उपाय शक्य होता. बघणाऱ्यांना हुंदका फुटेपर्यंत तो कोणी लावला नाही, एवढंच.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “मग सर, शर्यत बंद करावी, असं म्हणता का?”

आम्ही म्हटलं, बाबा, कायद्याने परवानगी दिली आहे, आम्ही ती काढून घेणारे कोण. पण कायदा मालकाला बांधतो, गाडीवानाला बांधतो, भरवणाऱ्याला बांधतो. कुंपणाबाहेर उभा राहून ओरडणाऱ्याला कुठलंच कलम लागत नाही. नियमाचा चाबूक खाली ठेवला गेला की नाही, हे पोलिसाच्या आधी प्रेक्षकालाच दिसतं. जिथे बैलाची शेपटी पिरगळली जाते तिथे टाळी थांबली, तर पुढच्या बारीला कोणी पिरगळणार नाही. जिथे टाळी वाढते, तिथे कितीही कलमं लिहा.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बघायला जायचं, पण तोंड सांभाळून.”

आम्हाला एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी तासभर घेतला.