कुळाचा शोध : आरंभ कोठून करावा?

आपला मूळपुरुष कोण, मूळ गाव कोणते व तेथून आपण केव्हा निघालो, हे प्रश्न अलीकडे आपल्या सुतार समाजातील पुष्कळ घरांतून विचारले जाऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. बहुतेकांच्या बाबतीत निमित्त होते ते मुलामुलींच्या जातीच्या दाखल्याचे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग माळ्यावरची पेटी खाली येते, आजोबांचा शाळेचा दाखला शोधला जातो, आणि काम झाले की पेटी पुन्हा माळ्यावर जाते. आमचे सांगणे इतकेच की, पेटी एकदा उघडलीच आहे तर तिच्यातील कागदांवरून घराण्याचा इतिहासही लिहून काढावा. इनामदार-सरदारांच्या घराण्यांची कुलवृत्ते छापली गेली, कारागिरांच्या घराण्यांची फारशी छापली गेली नाहीत. म्हणून आपणांस इतिहासच नाही असे समजणे मात्र योग्य नव्हे.

पुष्कळ ठिकाणी या कामाचा आरंभच उलटा होतो. आधी एखादा नामांकित पुरुष निवडावयाचा आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढीत यावयाचे, अशी ती रीत. श्रीविश्वकर्मा हे आपले आराध्यदैवत. ती श्रद्धा श्रद्धेच्या ठिकाणी असावी. परंतु वंशावळ हा पुराव्याचा विषय आहे. जोते घातल्यावाचून आढे चढविता येत नाही, हे आपणांस कोणी सांगावयास नको. वंशावळीचे जोते म्हणजे आपण स्वतः. प्रथम स्वतःचे नाव, मग आईवडील, मग आजोबा-आजी, अशी एकेक पिढी वर चढावे. आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदात आढळले, याची नोंद करावी. ज्या नावास आधार मिळाला नसेल ते पेन्सिलीने लिहावे. पाच पिढ्या साधार लिहिणे हे वीस पिढ्या निराधार लिहिण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

पहिला दप्तरखाना म्हणजे घरातील वृद्ध माणसे. कागद शंभर वर्षांनंतरही सापडेल. माणसाची आठवण मात्र त्याच्याबरोबरच जाते. म्हणून कचेरीत जाण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसावे, विशेषतः वृद्ध स्त्रियांपाशी. पुरुषांस बांध आणि भाऊबंदकी ठाऊक असते. परंतु कोणाचे माहेर कोठले, कोणाचे मूल कोणत्या साथीत गेले, कुलदैवत कोठले, लग्नात देवक कोणते बसते, हे बहुधा स्त्रियांच्याच स्मरणात असते. त्यांना सन विचारू नये, खूण विचारावी. "पानशेत फुटले तेव्हा तुमचे लग्न झाले होते काय?" असे विचारले की उत्तर येते. पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी; कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी; मोठा दुष्काळ पडला १९७२ साली. त्यांच्याही वडीलधाऱ्यांनी सांगितलेली मानमोडीची साथ १९१८ ची. अशा खुणांवरून वर्षे बसविता येतात.

यानंतर कागदांकडे वळावे. शाळेचे जनरल रजिस्टर हे उत्तम साधन आहे. त्यात मुलाचे व पालकाचे नाव, जात, जन्मतारीख व पूर्वीची शाळा मिळते. मात्र आमचा जन्म शाळेत गेल्याने एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. पूर्वी पालकांस तारीख ठाऊक नसे, तेव्हा वय अंदाजाने धरून १ जून ही तारीख लिहिण्याची रीत होती. रजिस्टरात १ जून दिसल्यास वर्षदेखील अदमासाचे समजावे. गावातील जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्यास कोतवाल बुक म्हणतात त्यात, होत असे. ती जुनी बुके तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात पाहावयास मिळतात. त्यांत पुष्कळदा बालकाचे नाव नसते. अमक्यास मुलगा अथवा मुलगी झाली, एवढेच असते. म्हणून तेथे बापाचे नाव धरूनच शोध करावा. जमीन असल्यास सातबारापाशी थांबू नये. त्यामागील फेरफार पाहावेत. एक धारक मयत झाला व त्याचे वारस लागले, अशा एका फेरफारात दोन पिढ्या एकदम हाती येतात.

आपल्या समाजापुढे एक निराळीच अडचण आहे, ती आडनावाची. अनेक कुटुंबांत नोंद करणाराने धंद्यावरून 'सुतार' एवढेच लिहिले आणि तेच आडनाव झाले. कोठे गावावरून नवे आडनाव पडले. तर कोठे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाली. तेव्हा आडनाव एक म्हणून कूळ एक, किंवा आडनाव भिन्न म्हणून कूळ भिन्न, असे दोन्ही समजू नये. कुलदैवत, देवक व मूळ गाव ही तिन्ही जुळली तर एका कुळाची शक्यता धरून पुढे शोध करावा.

शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे जावयाचे तर आपल्या वतनाचा माग काढावा लागतो. बलुत्यांच्या थोरल्या ओळीत सुताराची गणना होती, हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात वाचावयास मिळते. नांगर, कुळव, पाभर यांचे काम करावे आणि खळ्यावर बलुते घ्यावे, असा तो व्यवहार. कोठे कोठे त्यासाठी इनाम जमीनही असे. अशी गावोपयोगी सेवा इनामे मुंबई राज्यात १९५३ च्या कायद्याने रद्द झाली. त्या सुमाराचे फेरफार अवश्य पाहावेत. त्याहून जुन्या काळी वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई व निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. ज्यांस अक्षर येत नव्हते त्यांचीही साक्ष अशा रीतीने कागदावर राहिली आहे.

हे कागद मोडीत आहेत. पुण्याचे पेशवे दप्तर पुराभिलेखागारात आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी खंडो चिमाजी मेहेंदळे यांच्यासह १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा संग्रह आहे. मोडी शिकविण्याचे वर्ग पुराभिलेख खात्यातर्फे भरतात. प्रत्येक तालुक्यातून आपल्या दोघा-तिघा तरुणांनी ते करावेत. सनांचा हिशेब लक्षात ठेवावा : शकात ७८ मिळविले, आणि पौष ते फाल्गुनात गरजेप्रमाणे ७९, की इसवी सन येतो, फसलीत ५९० अथवा ५९१, आणि सुहूर सनात ५९९ अथवा ६००. सुहूर सन शब्दांत लिहीत. 'सलास सबैन मया अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, अर्थात ११७३, तो इ. स. १७७२-७३ होय. नाशिक-त्र्यंबकेश्वरी कोणी पूर्वज गेला असल्यास तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत त्याचे व त्याच्या पूर्वजांचे नाव मिळण्याचा संभव असतो.

दोन सूचना करून हा लेख पुरा करतो. भाऊबंदांकडे कागद मागितला की हिश्श्याचा तंटा उकरला जाणार, अशी त्यांस शंका येते, आणि ती स्वाभाविक आहे. म्हणून हेतू आधी सांगावा, मूळ कागद मागू नये. त्यांच्याच समक्ष मोबाईलवर छायाचित्र घ्यावे व तयार वंशावळीची एक प्रत त्यांस द्यावी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. आपल्या जुन्या वंशावळींत केवळ पुरुषांचीच नावे असत. सुना 'कुटुंब' म्हणून आल्या, मुली तर आल्याच नाहीत. नव्या वंशावळीत प्रत्येक स्त्रीचे नाव माहेरच्या नावासह यावे, मुलीचे घर व तिची मुलेही यावीत. दत्तक, पुनर्विवाह, घरजावई जे असेल ते खरे लिहावे. मात्र हयात माणसांस दुखविणारी गोष्ट वहीत ठेवावी, छापावयास देऊ नये.

एक शंभर पानी वही पुरेशी आहे. स्मरणिका घरी येईल त्याच आठवड्यात घरातील सर्वांत वडील माणसापाशी बसून पहिल्या पानावर त्यांच्या आजीचे नाव लिहावे. ते नाव आज सांगणारे कोणी आहे. दहा वर्षांनी असेलच असे नाही.