तीन वेळा नऊ पॉइंट आठ: ब्युरेटची गोष्ट

लातूरच्या ट्यूशन एरियात असाल किंवा नांदेडच्या भाग्यनगरात, दोन क्लासच्या मधल्या वेळेत ऐकत असाल तर आधी एक कबुली देतो. बारावीच्या जर्नलमध्ये टायट्रेशनची माझी तीन रीडिंग होती: ९.८, ९.८, ९.८. त्यातलं एकच खरं. बाकीची दोन शेजारच्या जर्नलमधून आली होती. हसू नका, तुमचीही तशीच असतील!

पण हे यंत्र मुळात जन्मलं ते फसवणूक आणि नुकसान पकडायला. अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये क्लोरीननं कापड पांढरं करायचा धंदा नवा होता. द्रावण कडक झालं की कापड कुजायचं, पातळ झालं की पिवळंच राहायचं. रुआं या कापडाच्या गावातल्या देक्रुआझिय यांनी खुणा केलेली काचेची नळी घेतली आणि किती द्रावणानं किती निळीचा रंग उडतो ते मोजलं. झालं, ब्युरेटची आजी तयार! पुढं गे-लुसाकनं १८२४ मध्ये ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावं वापरात आणली. ‘टायट्रेशन’मधला ‘टायटर’ हा फ्रेंच शब्द सोन्याचांदीचा कस सांगणारा. म्हणजे आपल्या सोनाराच्या कसोटीचाच चुलता म्हणा ना.

आणि मोहर? मोहर सॉल्टची बाटली तुम्ही हाताळली असेल. कार्ल फ्रीडरिख मोहर हा कोब्लेन्झच्या औषधवाल्याचा मुलगा. आधीच्या ब्युरेट किटलीसारख्या वाकवून ओतायच्या. यानं खाली रबरी नळी आणि चिमटा लावला आणि १८५५ मध्ये टायट्रेशनवर जाडजूड पुस्तक लिहिलं. गंमत बघा, त्याच्या नावाचा क्षार आपण परमँगनेटनं मोजतो, आणि परमँगनेट रबर खातं. म्हणून तिथं काचेचीच तोटी लागते.

आता आपल्याकडं येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ ला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवत, त्यासाठी पुस्तकं भाषांतर करणारं वेगळं खातंच होतं. म्हणजे मराठी घरातल्या पोरानं केमिस्ट्रीला ‘कीमिया’ म्हणायचं. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० मध्ये, लातूरला दयानंद १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू १९७० मध्ये. आपल्या आजोबांच्या पिढीत लॅबची पायरी चढायलाच गाव सोडावं लागे, हे मला फार उशिरा उमगलं.

मग लातूर पॅटर्न आला. मेडिकलचा प्रवेश बारावीच्या पीसीबीवर होता तेव्हा प्रॅक्टिकलचा एकेक मार्क मोलाचा होता. नंतर सीईटी, मग नीट. ७२० मार्कांच्या पेपरात ब्युरेट धरायची कुठं? प्रॅक्टिकलचे तीस मार्क बोर्डाच्या निकालापुरते उरले. मात्र २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचा वेगळा घटक आहे. त्यात ऑक्झॅलिक ॲसिड आणि मोहर सॉल्ट, दोन्ही टायट्रेशन आली. म्हणजे न केलेल्या प्रयोगावर आता चार पर्याय!

त्या एका खऱ्या रीडिंगचं सांगतो. ऑक्झॅलिक ॲसिड गरम करून घेतलं होतं. मी घाईत तोटी पूर्ण सोडली, फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ पाणी झालं. लॅबमधले काका म्हणाले, “ओत ते. पुन्हा भर. थेंब थेंब सोड.” सुरुवातीचे थेंब गुलाबीच राहिले, जाईचनात. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, “थांब, हलवत राहा.” मँगनीजचे आयन तयार व्हायला लागले, आणि तेच आयन ही क्रिया वेगात नेतात. मग एकेक थेंब पडल्या पडल्या विरायला लागला. शेवटी एक थेंब पडला आणि फिकट गुलाबी रंग तसाच राहिला. परमँगनेट गडद, म्हणून वरच्या कडेवर डोळा नेऊन वाचलं: ९.८.