उमेदवारीचा संघर्ष आणि निवडणुकीचा निकाल : हुबळी-धारवाडचे उदाहरण

जनतेच्या मतदानापूर्वी प्रत्येक पक्षात उमेदवारीसाठी आणखी एक लढत होत असते. अमेरिकेत ती ‘प्रायमरी’ या नावाने उघडपणे, मतदारांच्या साक्षीने होते. भारतात तिचा निर्णय पक्षश्रेष्ठी घेतात. ही लढत लांबली की पक्षाची हानी होते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी कर्नाटक विधानसभेची २०२३ ची निवडणूक, विशेषतः हुबळी-धारवाड मध्य मतदारसंघ, उपयुक्त ठरतो.

अमेरिकेचा अनुभव दुहेरी आहे. १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांना स्वपक्षीय एडवर्ड केनेडी यांनी अधिवेशनापर्यंत झुंजविले. कार्टर पराभूत झाले. २००८ मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची चुरस जानेवारीपासून जूनपर्यंत चालली, तरीही ओबामा विजयी झाले. मुळात दुर्बळ झालेल्या नेत्यालाच पक्षात आव्हान मिळते. त्यामुळे संघर्ष हे पराभवाचे कारण की दुर्बलतेचे लक्षण, हे ठरविणे कठीण असते.

काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत निवडक मतदारसंघांत अशा प्रायमरीचा प्रयोग केला. कर्नाटकात बंगळुरू उत्तर आणि दक्षिण कन्नड हे मतदारसंघ त्यात होते. दोन्ही ठिकाणी पक्ष हरला. परंतु देशभरातच तो ४४ जागांवर आल्याने दोष प्रयोगाला देता येत नाही.

२०२३ मध्ये काँग्रेसने १२४ उमेदवारांची पहिली यादी २५ मार्चला जाहीर केली. भाजपची १८९ नावांची पहिली यादी ११ एप्रिलला आली. माजी मुख्यमंत्री आणि १९९४ पासून सलग सहा वेळा निवडून आलेले जगदीश शेट्टर यांचे नाव तीत नव्हते. नव्या चेहऱ्यासाठी माघार घेण्याची सूचना त्यांनी जाहीरपणे नाकारली. तिढा सुटला नाही. १७ एप्रिलला ते काँग्रेसमध्ये दाखल झाले. त्याच दिवशी भाजपने महेश टेंगिनकाई यांना उमेदवारी दिली. अर्ज भरण्याची मुदत २० एप्रिलपर्यंत, तर मतदान १० मे रोजी होते. समजूत काढण्यास वेळ उरला नव्हता.

तरीही टेंगिनकाई ३४ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. २०१८ मध्ये शेट्टर यांचे मताधिक्य सुमारे २१ हजार होते. पक्षाने लिंगायत नेत्याच्या जागी लिंगायत उमेदवारच दिला होता, आणि येथील संघटन जुने व भक्कम होते. येथील बरीच मते नेत्यापेक्षा पक्षाची होती, असाच या निकालाचा अर्थ निघतो.

शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील अथणीत मात्र उलटे घडले. उमेदवारी नाकारली गेल्याने काँग्रेसमध्ये गेलेले माजी उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी ७६ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. राज्यात भाजप २०१८ च्या १०४ जागांवरून ६६ वर घसरला. त्याला सरकारविरोधी भावना आणि काँग्रेसची आश्वासने यांसारखी कारणे होतीच. पण ऐन प्रचारात ज्येष्ठ लिंगायत नेते बाहेर पडल्याने विरोधकांना आयता मुद्दा मिळाला.

गोमंतकीय वाचकांना २०२२ ची पणजी आठवेल. उमेदवारी न मिळाल्याने उत्पल पर्रीकर अपक्ष लढले आणि भाजपचे बाबूश मोन्सेरात अवघ्या ७१६ मतांनी तरले. मांद्रेत माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर अपक्ष उभे राहिले; तेथे भाजपने जागा गमावली.

या उदाहरणांवरून दिसते की संघर्षाच्या लांबीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याच्या शेवटाला असते. ओबामांना पक्ष सांधण्यासाठी पाच महिने मिळाले. कर्नाटकात भाजपच्या हाती तीन आठवडेच होते. दुसरी कसोटी नाराज नेत्याच्या मतांची : ती व्यक्तीची असतील तर पक्षाला किंमत मोजावी लागते, पक्षाची असतील तर नेत्याला. शेट्टर जानेवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये परतले आणि त्याच वर्षी बेळगावातून लोकसभेवर निवडून आले. दुरावा कायमचा नव्हता; तो मिटविण्याची वेळ मात्र निवडणुकीपूर्वीची होती.