खर्जाची रुपेरी पेटी

१९५४ साली 'नागिन' हा बोलपट आला आणि त्यातील पुंगीच्या सुरांवर अवघा देश डोलू लागला. परंतु ज्या नादाला लोक पुंगीचा नाद समजत होते तो पुंगीचा नव्हताच, क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या एका लहानशा वाद्यातून कल्याणजींनी तो काढला होता, हे चित्रपटगृहात बसलेल्या हजारांत एखाद्यास तरी ठाऊक असेल की नाही याची शंकाच आहे. विद्युत्-वाद्यांच्या आरंभीच्या इतिहासाचा बराचसा भाग हा असा बदलीच्या नोकरीचा आहे. कोणा गारुड्याच्या, कोणा ढोलकीवाल्याच्या, कोणा व्हायोलिनवाल्याच्या जागी तात्पुरती नेमणूक व्हावी, मूळ इसमाची नक्कल जितकी हुबेहूब साधेल तितकी शाबासकी मिळावी आणि नक्कल फसली की बरखास्तीचा हुकूम निघावा, असा त्यांचा सेवापट. अशाच एका बरखास्त यंत्राची हकीकत येथे सांगावयाची आहे. कारण घराच्या एका खोलीत यंत्रे मांडून एकट्याने नृत्यसंगीत रचणारा, धंद्याच्या भाषेत ज्याला प्रोड्यूसर म्हणतात तो कारागीर कसा घडला, याचे मर्म या हकीकतीत जसे हाती लागते तसे नामवंतांच्या चरित्रांत लागत नाही.

इकुतारो काकेहाशी या जपानी गृहस्थाने १९७२ साली ओसाका येथे रोलंड ही वाद्यांची कंपनी काढली. साथीला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत, ही गायकवादकांची सनातन तक्रार ध्यानी घेऊन या कंपनीने १९८० साली तालाचे एक यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव टीआर-८०८. त्यातील झांजेचा चरचरीत आवाज साधावा म्हणून काकेहाशीने सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम पारखून विकत घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनविण्याची कला सुधारली, सदोष माल दुर्मीळ झाला आणि सुमारे १२,००० नग खपल्यावर १९८३ साली हे यंत्र बंद पडले. दोष संपल्यामुळे धंदा बसल्याचे असे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात फार नसावे.

आपल्या कथेचा नायक म्हणजे याच कंपनीचे दुसरे एक यंत्र, टीबी-३०३. तादाओ किकुमोतो याने त्याची योजना केली आणि १९८१ च्या अखेरीस ते विक्रीस आले. गिटार वाजविणाऱ्याने घरी एकट्याने रियाज करताना ताल टीआर-६०६ या तालयंत्राने धरावा आणि खर्जाचे सूर ३०३ ने भरावेत, अशी तजवीज होती. काखोटीला मारून नेता येईल एवढी रुपेरी प्लास्टिकची पेटी, पुढे एका सप्तकाच्या तेरा पट्ट्या, वर सहा खुंट्यांची एक ओळ. परंतु पट्ट्या दाबून ती पेटीसारखी वाजवावी असा तिचा रिवाज नव्हता. तिला आधी सांगून ठेवावे लागे. एका आवर्तनाला सोळा घरे. प्रथम त्या घरांतील सूर क्रमाने नोंदवायचे, मग खटका फिरवून निराळ्या दप्तरात त्यांचे कालमान भरायचे, आणि कोणत्या सुरावर आघात द्यावयाचा व कोणता सूर पुढच्या सुरावर घसरत न्यावयाचा याच्या खुणा करायच्या. सूर एकीकडे आणि लय दुसरीकडे लिहिण्याची ही वहिवाट इतकी किचकट होती की ज्या गिटारवाल्यासाठी हे सारे मांडले होते तो चार दिवसांत कंटाळे. आणि कंटाळा न करणाऱ्याच्याही पदरी काय पडे, तर बास गिटारीशी ज्याचे दूरचेही नाते नाही असा एक रबरी, चुळबुळता आवाज. त्यातून बॅटऱ्या काढल्या की पेटीची स्मृती नष्ट होई आणि पुन्हा घातल्या की कोणी न भरलेल्या स्वरावली ती आपल्या मनाने वाजवू लागे. १९८४ साली कंपनीने सुमारे १०,००० पेट्यांवर हा खटला आवरता घेतला. उरलेल्या पेट्या मिळेल त्या किमतीला फुंकल्या गेल्या आणि आधी विकल्या गेलेल्या पेट्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत जमा झाल्या.

आता शिकागो शहराकडे वळू. तेथे १२ जुलै १९७९ रोजी एक विलक्षण प्रकार घडला. कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, डिस्को संगीताची तबकडी घेऊन येणाऱ्यास ९८ सेंटांत प्रवेश असे जाहीर करून, जमलेल्या तबकड्या मैदानाच्या मध्यभागी सुरुंग लावून उडविण्यात आल्या. जमाव आत घुसला आणि त्या दिवसाचा दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. डिस्को हे प्राधान्येकरून कृष्णवर्णीयांचे, लॅटिनांचे आणि समलिंगी लोकांचे नृत्यसंगीत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या सुरुंगाचा रोख केवळ तबकड्यांवर नव्हता हे निराळे सांगावयास नको. मोठ्या कंपन्यांनी त्या संगीतातून अंग काढून घेतले. तथापि त्याच शहरात, साउथ जेफरसन रस्त्यावरील वेअरहाउस नावाच्या एका नृत्यगृहात, १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला तरुण त्याच तबकड्या रात्ररात्र वाजवीत होता. नव्या तबकड्या निघेनाशा झाल्या तेव्हा जुन्यांनाच जोड देणे भाग पडले, आणि ती जोड टाकाऊ यंत्रांनी दिली. या संगीताला हाउस हे नाव मिळाले ते वेअरहाउसवरूनच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

ही जोड देणारी मंडळी कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. मार्शल जेफरसन टपाल खात्यात रात्रपाळी करीत असे. वाजविता काही येत नसताना त्याने उधारीवर यंत्रे घरी आणली, आणि १९८६ च्या 'मूव्ह युवर बॉडी' या रचनेतील पियानोचे धावते तुकडे यंत्राची गती अत्यंत मंद करून, एकेक सूर चाचपत भरले व नंतर गती वाढविली. ऐकणाऱ्यास वाटावे की कोणी कसलेला वादक बसला आहे. लॅरी हर्ड हा मुळात ड्रमवादक, पोटासाठी सामाजिक सुरक्षा खात्यात कारकुनी करणारा. फावल्या वेळात रोलंडच्याच जूनो-६० या वाद्यावर त्याने जे गंभीर, जवळजवळ प्रार्थनेसारखे स्वरसमूह रचले, त्यांची सर नंतरच्या कित्येक पदवीधर संगीतकारांना आली नाही, असे माझे मत आहे. कारकुनांनी आणि टपालवाल्यांनी कला उभी करावी हे मराठी वाचकास नवल वाटू नये. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांपुढे गर्दी करणारे आणि अर्ध्या पगाराची पेटी घेणारे दुसरे कोण होते?

याच शहरात १९८० च्या दशकाच्या मध्यावर अर्ल स्मिथ ऊर्फ स्पँकी या तरुणाला जुनी ३०३ मिळाली. तो, नथॅनियल जोन्स ऊर्फ डीजे पिएर आणि हर्बर्ट जॅक्सन असे तिघे ती लावून बसले. सूर कसे भरावेत याचा त्यांस पत्ता नव्हता. पेटी वाजवीत होती तेच आवर्तन त्यांनी फिरत ठेवले आणि पिएरने वरच्या खुंट्या पिळावयास सुरुवात केली. त्या खुंट्यांपैकी एक आवाजातील वरचे स्वरांश कोठे छाटावयाचे ते ठरविते, दुसरी त्या छाटलेल्या कडेलाच धार लावते. खर्ज वाजविणाऱ्याने त्या एकदा लावून विसराव्यात अशी कारखानदाराची अपेक्षा होती. पिएरने त्या वाजतावाजता फिरविल्या. सूर तेच, क्रम तोच, लयही तीच, परंतु तोच सूर कधी घशातून, कधी नाकातून, कधी किंचाळत बाहेर पडू लागला. आपल्याकडे एकाच स्वरावर रेंगाळून त्याचा लगाव पालटणारे गायक जे करतात त्याच्या आसपासचे काही या अजाण मुलांच्या हाती अपघाताने लागले. साथीला ठेवलेल्या इसमाने बैठक ताब्यात घेतली.

त्या तिघांनी याची ध्वनिफीत म्युझिक बॉक्स या नृत्यगृहात तबकड्या वाजविणाऱ्या रॉन हार्डीला नेऊन दिली. कथा सांगतात ती अशी: त्याने ती वाजविताच नाचणारे लोक बाजूला सरले, त्याने ती त्याच रात्री पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि चौथ्या खेपेला सारी खोली बेभान झाली. १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' या नावाने, मार्शल जेफरसनच्या देखरेखीखाली, ती तबकडी निघाली; एका पेटीच्या खुंट्या सुमारे अकरा मिनिटे पिळणे, एवढाच तिचा विषय.

डेट्रॉइट शहराची टेक्नो ही शाखा निराळी आणि तिचा विस्तार येथे करीत नाही. ज्याला टेक्नोचा आद्य पुरुष मानतात त्या वान ॲटकिन्सचे पहिले सिंथेसायझर आजीने घेऊन दिलेले होते, आणि त्याचा सोबती डेरिक मे याने पैशांच्या अडचणीत आपले टीआर-९०९ हे तालयंत्र शिकागोच्या फ्रँकी नकल्सला विकले, एवढे सांगितले म्हणजे या दोन शहरांमध्ये विद्येची देवघेव कोणत्या मार्गाने होत होती ते कळेल.

या कथेचा एक फाटा आपल्या मुंबईस येतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे जुने वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा हात असे. सिंगापूरहून त्यांनी ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ ही तिन्ही रोलंडची यंत्रे आणली आणि १९८२ साली, म्हणजे शिकागोच्या तबकडीपूर्वी पाच वर्षे, हिज मास्टर्स व्हॉइसतर्फे भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. मींड निघत नाही म्हणून ज्या हार्मोनियमला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी केली होती, तिच्या मानाने ही ३०३ पेटी पुढे होती. सूर घसरविण्याची सोय तिच्यात उपजतच होती. मात्र तिची मींड म्हणजे सरकारी नियम: दोन सुरांतील अंतर कितीही असो, वेळ ठरलेला. अशा मींडेतून भैरवीची करुणा कशी निघावी? ती निघत नाही. निघते ते काही निराळेच, थंड आणि चकाकणारे. तबकडी त्या काळी चालली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ साली दिल्लीत सापडली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ॲसिड हाउसचा, म्हणजे 'ॲसिड ट्रॅक्स'च्या धर्तीच्या संगीताचा, जनक मुंबईत होता असा डंका पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी पिटला.

हा दावा मला मान्य नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही, आणि वारसाशिवाय जनकत्व कसले? शिवाय दोघांची वाट मुळातच भिन्न आहे: चरणजित सिंगांना सूर पुरते ठाऊक होते, म्हणून त्यांनी पेटीला राग शिकविला, शिकागोकरांना सूर ठाऊक नव्हते, म्हणून ते पेटीपाशी शिकले. सिंगांची थोरवी जनकत्वावाचूनही उणी होत नाही. त्या तबकडीतील ललत एकदा कान देऊन ऐकावा.

चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले. 'नागिन'च्या काळापासून स्टुडिओत विजेची वाद्ये वाजविणाऱ्यांपैकी जे थोडे हयात आहेत, ते दादर-वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या घरांत आज वृद्धापकाळ कंठीत असतील. कोणा वाचकाचा अशा घराशी संबंध असेल तर माळ्यावरच्या स्वरलिपीच्या वह्या, ध्वनिफिती आणि बंद पडलेली यंत्रे रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्याने त्या वादकापाशी तासभर बसून, कोणते वाद्य कोठून, किती रुपयांस आणि कोणाच्या बदली आणले होते, एवढे तरी लिहून घ्यावे.