छात्राध्यापकाचे मूल्यमापन: निकाल की सुधारणा?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातला रूळ बाहेर पडण्याआधी अल्ट्रासोनिक लहरींनी तपासला जातो. नव्या शिक्षकाची तपासणी कशी करावी? या प्रश्नाचा इतिहास या टिपणात पाहू.

1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांसाठी नॉर्मल शाळा, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र यांची शिफारस केली. 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना किमान 12 रुपये पगार मिळावा, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे शिक्षकाकडून पात्रता मागताना त्याच्या पोटाचाही विचार त्यांनी केला. पुढे याच आयोगाने माध्यमिक शाळेतील कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन या दोन्हींची परीक्षा सुचवली.

त्यातून पाठ-परीक्षेची पद्धत रुळली. परीक्षक मागच्या बाकावर बसतो, पाठ टाचण चाळतो आणि गुण देतो. यातील अडचण तुमच्या लक्षात आली असेल. एका तासावरून माणूस ठरतो आणि मुलांना उत्तरे आधीच पढवून ठेवता येतात.

1960 च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन पुढे आले. भारतीय प्रतिमानात त्याचे चक्र 36 मिनिटांचे आहे: अध्यापन 6, प्रत्याभरण 6, पुनर्नियोजन 12, पुनरध्यापन 6, पुनर्प्रत्याभरण 6. सर्वाधिक वेळ कशाला दिला आहे ते पाहा. चूक कळल्यावर विचार करायला! इथे मूल्यमापन हा निकाल नसून दुसरी संधी आहे.

महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्या. वर्मा आयोग नेमला. त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील अनुभव 20 आठवड्यांचा झाला. एका तासाऐवजी आता अनेक आठवडे पाहता येतात. मात्र मार्गदर्शक शिक्षकाने वर्गात न बसताच वहीवर सही केली, तर 20 आठवडेही कागदावरच राहतात.

मी स्वतः एम.टेक. होऊन थेट अभियांत्रिकीच्या वर्गात उभा राहिलो. माझा पहिला पाठ मागे बसून कोणी पाहिला नाही. माझ्या चुका विद्यार्थ्यांनी सोसल्या, आणि मला त्या उशिरा कळल्या. तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक झालात, तर मागच्या बाकावर कोणीतरी बसावे असा आग्रह धरा.

विचार करा: तुमच्या महाविद्यालयात शिक्षकाला पुनर्नियोजनाची ती 12 मिनिटे मिळतात का?